बसच्या खिडकीतला धूर

यामिनी सरनोबत आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो, म्हणून आमची ओळख झाली. आयसेलिनला ओक ट्री रोडवर साड्यांच्या एका दुकानाच्या वरती तीन खोल्या आहेत. एकीत मी विमानाची तिकिटं काढून देते, दुसरीत यामिनी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, आणि तिसरीत साडीवाल्याचा माल भरलेला असतो. आमच्या दोघींच्या मधली भिंत प्लायवुडची आहे. तिच्यातून माणूस तेवढा जाऊ शकत नाही, बाकी सगळं जातं. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं काही मी पाहिलं, काही तिने सांगितलं, आणि बरंचसं मी नको असताना ऐकलं.

यामिनी इचलकरंजीची. वडिलांचे यंत्रमाग होते. बी.एस्सी. झाली, लग्न झालं आणि अतुलच्या मागून न्यू जर्सीला आली. अतुल एका औषध कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. चांगला माणूस, पण कुठल्याही गोष्टीची सुरुवात 'मी' पासून करणारा. "मी एच-वन वर आलो, मग मी यामिनीला आणलं, मग मी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला." नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये मुलीला, केयाला, मोठं करता करता ती लायब्ररीतल्या पुस्तकांवरून एडिटिंग शिकली आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ करायला लागली. पुढे मंडळ फुटलं. एका दिवाळीच्या नाटकावरून फुटलं असं म्हणतात, खरं कारण आता कुणालाच आठवत नाही. दोन मंडळं झाली, दोन गणपती झाले. दोन्हीकडचे व्हिडिओ यामिनीच करत राहिली. दोन्हीकडचे लोक तिला येऊन सांगायचे की सुरुवात त्यांनी केली. ती "हो का?" म्हणायची आणि काम चालू ठेवायची.

मग कायदा बदलला, बायकांनाही काम करायची मुभा मिळाली आणि तिने माझ्या शेजारची खोली घेतली. इथे लग्नं काय, बारा महिने. गुजराती, तेलुगू, पंजाबी. एकदा मी विचारलं, "अगं, तुला तेलुगू कुठे येतं? कुठे कापायचं ते कसं कळतं?"

"बोलणं कळलं नाही तरी चालतं, प्रीताताई," ती म्हणाली. "कोण कुणाकडे बघतंय ते कळलं की झालं."

ल्युपचो आला तो फरश्या बसवायला. खालच्या साडीच्या दुकानाची जमीन नवी करायची होती. हा पन्नाशीचा, रुंद हातांचा, मॅसिडोनियातून वीस वर्षांपूर्वी आलेला माणूस गुडघ्यांना पॅड बांधून दिवसभर वाकलेला असायचा. पाणी प्यायला वर आला आणि यामिनीच्या उघड्या दाराशी थांबला. तिच्या पडद्यावर एक नवरी बापाच्या गळ्यात पडून रडत होती. यामिनीने तो शॉट कापला. दारातून आवाज आला, "लोक आणखी थोडं ठेवतात. तू आधी कापलंस. बरोबर केलंस."

ती दचकलीच. पण तो बोलत होता ते समजून बोलत होता. स्कोप्येच्या फिल्म स्कूलमध्ये तो शिकला होता. युद्ध आलं, देश सुटला, हातात सिनेमाऐवजी फरश्या आल्या. पण एक सिनेमा त्याने डोक्यात धरून ठेवला होता, आणि तो शूट करायला सुरुवातही केली होती. इथेच, पेन्सिल्व्हेनियातल्या एका शेतावर. तिथल्या टेकड्या थोड्याशा त्याच्या गावासारख्या दिसतात, म्हणून.

गोष्ट साधी होती. मॅसिडोनियातलं एक खेडं. गावात दोन वस्त्या, एक मॅसिडोनियन ख्रिश्चनांची, एक अल्बेनियन मुसलमानांची. दोन्ही वस्त्यांना शहरात नेणारी बस एकच आणि तिचा ड्रायव्हर अल्बेनियन. त्या बसने रोज जाणारा एक मॅसिडोनियन तरुण. दोघांची दोस्ती. मग लढाईचं ते वर्ष येतं. तरुणाला रस्त्यावर कुणीतरी गोळी घालतं, आणि ड्रायव्हरचं घर कुणीतरी जाळतं.

ल्युपचोला एडिटर हवा होता. यामिनी म्हणाली, "मला तुमच्या दोन्ही भाषा येत नाहीत."

"म्हणूनच," तो म्हणाला. "ज्याला येतात, तो कुठल्या तरी एका बाजूचा असतो."

ड्रायव्हरचं काम बेसिमने केलं होतं. बेसिम अल्बेनियन, त्याच भागातला, ल्युपचोच्या गावापासून डोंगरापलीकडच्या गावचा. क्लिफ्टनला त्याचं पिझ्झाचं दुकान होतं. आधी कधी ॲक्टिंग केली नव्हती, पण चेहरा असा की कॅमेरा हलवावासा वाटू नये. शनिवारी दुकान बायकोवर सोपवून तो पेन्सिल्व्हेनियाला जायचा, आणि पुढे एडिटिंग सुरू झाल्यावर पिझ्झ्याचे खोके घेऊन आमच्या जिन्यावरून वर यायचा. एक खोका कायम माझ्यासाठी असायचा. शाकाहारी, वर मिरच्या. तो आणि ल्युपचो मॅसिडोनियन भाषेत बोलायचे. मी एकदा विचारलं, "तू त्याच्या भाषेत बोलतोस, तो तुझ्या भाषेत का नाही बोलत?"

"त्याला येत नाही," बेसिम म्हणाला. "शाळेत त्यांची भाषा होती." आणि हसला. ल्युपचोही हसला. मला तेव्हा वाटलं, किती छान, हे लोक यावर हसू शकतात.

यामिनी दिवसा लग्नं करायची आणि उरलेल्या वेळात हा सिनेमा. त्यात मधे कोविड आला, लग्नं बंद पडली, तेव्हा तर ती दुसरं काही करतच नव्हती. ल्युपचोने स्क्रिप्ट सरळ लिहिलं होतं. आधी दोस्ती, मग गोळी, मग आग. तसा सिनेमा जोडून झाला आणि तो यामिनीला आवडेना. "बातमी वाचल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. "हे झालं, म्हणून ते झालं. पुढे काय बघायचं?"

मग तिला तो धूर सापडला.

एका शॉटमध्ये तो तरुण बसच्या खिडकीशी बसून ड्रायव्हरच्या कुठल्या तरी विनोदावर हसतो आहे. शूटिंगच्या दिवशी शेताच्या मालकाने टेकडीमागे पालापाचोळा पेटवला होता, त्याचा धूर खिडकीतून दिसतो. ल्युपचोने तो टेक बाद केला होता. यामिनीने तो पाहिला आणि मला भिंतीवर टकटक करून बोलावलं.

"बघा, प्रीताताई. हा जिवंत आहे, हसतोय, आणि मागे धूर आहे. म्हणजे ड्रायव्हरचं घर आधी जळलं. पण घर जळल्यावर ड्रायव्हर बसमध्ये एकटा बसलाय तो सीन आहे ना, तिथे त्याला त्या मुलाच्या मरणाची बातमी आधीच कळलेली आहे. म्हणजे मुलगा आधी मेला. दोन्ही आधी. कुठलंच नंतर नाही."

"मग खरं काय?" मी विचारलं.

"तेच तर," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी तिचं नाव विचारल्यासारखा आनंद होता.

तिने सगळा सिनेमा मोडला आणि पुन्हा बांधला. आता तो जळलेल्या घरापासून सुरू व्हायचा, मधे मागे जायचा, वाटेत मिरच्या भाजण्याचा लांबलचक सीन यायचा, ज्यात दोन्ही वस्त्यांच्या बायका एका चुलीभोवती आहेत, आणि शेवटी ती बस, ते हसणं, तो धूर. कुणी सुरू केलं ते पाहणाऱ्याला शोधता येऊ नये, असा. ल्युपचोने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेजारी होते. त्याने शेवट पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाला, "हा माझा सिनेमा नाही. पण माझ्यापेक्षा चांगला आहे." यामिनीने ते वाक्य घरी जाऊन अतुलला सांगितलं. अतुल म्हणाला, "पण क्रेडिट लेखी घे."

पहिला खेळ क्लिफ्टनला एका हॉलमध्ये झाला. पैसे दोन्हीकडच्या लोकांनी थोडे थोडे घातले होते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आले. बसले मात्र वेगवेगळे, मधल्या वाटेच्या दोन बाजूंना, जसे आमच्याकडे लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे बसतात. यामिनी मोरपंखी साडी नेसून आली होती. अतुल, केया आणि मी मागे बसलो. बेसिम मागच्या टेबलावर खाण्याची व्यवस्था बघत होता.

सिनेमा संपला तेव्हा टाळ्या वाजल्या. खोटं का सांगू, बऱ्याच वाजल्या. मिरच्यांच्या सीनला बायका रडल्याही होत्या. मग उजव्या, मॅसिडोनियन लोकांच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तो धूर कुठल्या घराचा?"

ल्युपचो माइक घेऊन उभा होता. तो काही बोलायच्या आत डाव्या बाजूने उत्तर आलं, "आमच्या घराचा. दिसत नाही? तो पोरगा हसतोय आणि आमचं घर जळतंय."

"म्हणजे आम्ही आधी जाळलं?"

"सिनेमा तुमच्याच माणसाने काढलाय."

मग इंग्रजी संपली. दोन भाषांमध्ये काय चाललं होतं ते आम्हाला कळलं नाही, पण कोण कुणाकडे बघतंय ते कळत होतं. खुर्च्या सरकल्या. एका बाईने आपल्या नवऱ्याच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती. दोन-तीन जण मागच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी बेसिमला काहीतरी सांगितलं. त्याने एप्रन काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला. ल्युपचो माइक हातात धरून तसाच उभा होता. 

गाडीत केया म्हणाली, "आई, दे जस्ट वाँटेड ॲन आन्सर." 

पुढच्या आठवड्यात ल्युपचो आला. मी एका कुटुंबाची मुंबईची तिकिटं बघत होते, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष भिंतीकडेच होतं.

"सरळ कर," तो म्हणाला. "जसं लिहिलं होतं तसं. आधी गोळी, मग आग."

"त्या म्हाताऱ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

"तूच म्हणालास ना, तुझ्यापेक्षा चांगला आहे."

"म्हणालो. चांगला आहे. पण खरा नाही." त्याचा आवाज खाली आला. "तो मुलगा माझा भाऊ होता, यामिनी. मंगळवारी त्याला मारलं. त्याला पुरल्यानंतर आमच्याकडच्या लोकांनी ड्रायव्हरचं घर जाळलं. वाईट केलं. मी नाकारत नाही. सिनेमात ते दाखवलंय मी, स्वतः दाखवलंय. पण नंतर. तू त्याला बसमध्ये बसवलंस आणि त्याच्या डोक्यामागे ते घर पेटवलंस. तो मेलेला असताना."

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग यामिनी म्हणाली, "इतक्या वर्षांत तू मला हे सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू तो धूर ठेवला असतास?"

 ती म्हणाली, "तू सगळं पाहिलं होतंस. हो म्हणाला होतास."

"खोलीत दोघंच होतो तेव्हा हो म्हणालो. हॉलमध्ये माझी आई बसली होती."

त्याने विनवणी केली, मग तो रागावला, मग पुन्हा विनवणी केली. यामिनी एवढंच म्हणत राहिली की, ते मी करणार नाही, दुसरं कुणी बघ. शेवटी त्याने आपल्या हार्ड ड्राइव्ह खोक्यात भरल्या. जाताना माझ्या दारातून डोकं आत घालून म्हणाला, "गुडबाय, प्रीता." डोळे लाल झाले होते. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

यामिनीने मला नंतर विचारलं, "मी चुकले का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." हे उत्तर तिला आवडलं नाही, हे मला दिसलं.

सरळ केलेला सिनेमा काही महिन्यांनी यूट्यूबवर आला. कुणा नातेवाइकाने घरच्या लॅपटॉपवर तो जोडला होता. मिरच्यांचा सीन अर्धा कापला होता, धूर गेला होता. गोळी आता पहिल्या दहा मिनिटांतच होती, आणि ती सुटल्यावर कॅमेरा वळतो तो बेसिमच्या चेहऱ्याकडे. यामिनीच्या सिनेमात तो चेहरा बातमी ऐकणाऱ्या माणसाचा होता. इथे तोच चेहरा, तोच शॉट, पण गोळीला लागून ठेवल्यामुळे वाटत होतं की याला आधीपासून माहीत होतं. शेवटी पाटी होती, 'एडिटर: यामिनी सरनोबत'.

तिने ल्युपचोला नाव काढायला सांगितलं. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. मग अतुल म्हणाला, वकील वगैरे काही नको. ग्रीन कार्डचा अर्ज गेली बारा वर्षं रांगेत पडलेला, नोकरी त्यावर, घर त्यावर, केयाची फी त्यावर. "या लोकांच्या भांडणात आपण कोर्टाची पायरी चढायची? आपलं काय आहे त्यात?"

"माझं नाव आहे," यामिनी म्हणाली.

"नाव काय, यामिनी, इथे एक माणूस तुला ओळखत नाही," अतुल म्हणाला. तो दुष्टपणाने म्हणाला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो तिची समजूत काढतो आहे.

व्हिडिओखाली शेकडो लोक एकमेकांना शिव्या देत होते. यामिनी त्या भाषांतर करून करून वाचायची. मी तिला सांगितलं की वाचू नकोस. ती म्हणायची, "बेसिमचं नाव येतं का तेवढं बघते." येत होतं. एका बाजूला तो खुनी होता, दुसऱ्या बाजूला गद्दार. त्याच्याच लोकांनी लिहिलं होतं की पैशासाठी याने आपल्या माणसांना खुनी म्हणून दाखवलं. पैसे त्याला कधीच मिळाले नव्हते. मग एका सकाळी त्याच्या दुकानाची काच फुटलेली सापडली. कुणी फोडली ते कळलं नाही. दोन्हीपैकी कुणीही फोडू शकलं असतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

बेसिम आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात खोका नव्हता. तो आधी माझ्या दारात आला, मान हलवली, मग शेजारी गेला. हेही मी भिंतीतून ऐकलं. पुढे यामिनीने स्वतःच मला हाक मारली. मला वाटतं तिला एकटीला भीती वाटत होती. त्याची नव्हे, त्या क्षणाची.

"हे तू केलंस?" त्याने फोनवर सिनेमाची शेवटची पाटी दाखवून विचारलं.

"नाही. माझं नाव ठेवलंय, पण मी केलेलं नाही. मी केलेला तू पाहिला आहेस."

"नाही पाहिला. मी पाव कापत होतो. अर्धा पाहिला."

यामिनीने तिच्या कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवली होती. तशी ठेवायचा तिला हक्क होता की नाही, कोण जाणे. तिने त्याला खुर्ची दिली आणि सिनेमा लावला. आम्ही तिघांनी तो पूर्ण पाहिला. खालून साडीवाल्याच्या दुकानातली गाणी येत होती. मिरच्यांच्या सीनला बेसिम थोडा पुढे झुकला. शेवटी बस आली, तो मुलगा हसला, मागे धूर वर चढत गेला, आणि पडदा काळा झाला. यामिनी त्याच्याकडे बघत होती. मी तिला इतकी आशा लावून बसलेली कधी पाहिली नव्हती. जगात एक माणूस तरी म्हणेल की हे बरोबर आहे, आणि तो हाच असायला हवा होता.

"सुंदर आहे," बेसिम म्हणाला.

मग तो हातांकडे बघत राहिला.

"यात कुणीच काही करत नाही," तो म्हणाला. "आग लागते. गोळी लागते. पाऊस पडतो तसं. यामिनी, माझ्या बापाचं घर जाळलं तेव्हा मी स्टेटन आयलंडला एका हॉटेलात भांडी घासत होतो. बाप जिवंत सापडला, पण पुढचा हिवाळा त्याने काढला नाही. घर कुणी जाळलं ते मला माहीत आहे. नाव माहीत आहे. तो माझ्या शाळेत होता. ल्युपचो त्याच्या सिनेमात खोटं दाखवतो की सगळं त्याच्या भावापासून सुरू झालं. त्याच्या आधीच्या आठवड्यात पोलिसांनी आमच्या गावातली माणसं उचलून नेली होती, ते त्यात नाही. पण निदान त्याच्या सिनेमात जाळणाऱ्याला हात आहेत. तुझ्यात फक्त धूर आहे."

"मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती," यामिनी म्हणाली.

"ते दिसतं. तुझा कुणी मेलेला नाही."

हे तो ओरडून म्हणाला नाही. आवाज नेहमीसारखाच होता, मिरच्या जास्त झाल्यात का विचारावं तसा.

"मी हा लोकांना दाखवू का?" तिने विचारलं. "यूट्यूबवर टाकते. त्याने केस केली तर करू दे. लोकांना कळेल की तू—"

"नको. पुसून टाक," तो म्हणाला. "दोन सिनेमे झाले, पुरे."

तो उठला. जिन्यापर्यंत मी गेले. त्याने सांगितलं की दुकान विकायला काढलंय, बायकोचा भाऊ मिशिगनला आहे, तिकडे जातोय. मी म्हटलं, तिकडेही तुमचे लोक असतील ना. "हो," तो म्हणाला, "तेच तर."

त्यानंतर यामिनी बरेच दिवस माझ्याशी फारसं बोलली नाही. भिंतीपलीकडून फक्त ढोल-ताशे, सनई आणि 'हॅपी कपल'ला शुभेच्छा देणारे मित्र ऐकू यायचे. मला वाटायचं, तिला माझा राग आलाय, कारण मी ते ऐकलं. एकदा कॉलेजमधून केया आलेली होती. मुलगी शांत, शहाणी. तिने दोन्ही सिनेमे पाहिले होते. मी तिला विचारलं, तुला कुठला आवडला? ती आईच्या बंद दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आँटी, ऑनेस्टली? आय अंडरस्टूड द अदर वन." मग ओशाळली आणि म्हणाली, "प्लीज, आईला सांगू नका." मी सांगितलं नाही. पण ती भिंत प्लायवुडची आहे.

यंदा मार्चमध्ये ल्युपचोचा फोन आला, तो तिने स्पीकरवर घेतला. त्याच्या मुलीचं लग्न होतं. व्हिडिओ यामिनीनेच करायला हवा, दुसऱ्या कुणाला तो देणार नाही, असं तो म्हणत होता. सिनेमाचं नाव त्याने काढलं नाही. मी काम सोडून बसले होते. मला वाटलं ती फोन आपटेल. ती म्हणाली, "तारीख सांग." मग कॅलेंडर उलटल्याचा आवाज आला. "हो. मोकळी आहे."

फोन ठेवल्यावर मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती वर न बघता म्हणाली, "लग्नच आहे, प्रीताताई. मुलीने काय केलंय?"

ती गेली. चर्चमधलं लग्न, मग हॉलमध्ये जेवण, हातात हात धरून गोल फिरत करायचा त्यांचा नाच. तिने मला फुटेज दाखवलं. मुख्य टेबलावर, केकच्या शेजारी, एका तरुणाचा फोटो फ्रेम करून ठेवला होता. बाविशी-तेविशीचा, दाट भुवयांचा. पेन्सिल्व्हेनियातल्या बसमध्ये बसून हसणाऱ्या त्या नटाशी त्याचं काहीही साम्य नव्हतं. ल्युपचोने यामिनीला फोटोपाशी नेलं आणि सांगितलं, "हा साश्को." तिने फोटोवर कॅमेरा धरला. नीट फोकस केला. ल्युपचोने तिचे आभार मानले, तिला वाइन दिली. ती पीत नाही, तिने ग्लास हातात धरून ठेवला. कुणीही कुणाची माफी मागितली नाही. जाताना तो म्हणाला की यूट्यूबवरचं तिचं नाव काढायला त्याने त्या नातेवाइकाला सांगितलंय. नाव अजून आहे. मी परवाच बघितलं.

"कसा केलास?" मी विचारलं. "हा लग्नाचा."

"सरळ. सकाळी मुलीच्या वेणीपासून रात्रीच्या नाचापर्यंत."

"आणि फोटो?"

"त्याने सुरुवातीला मागितला होता. ठेवला सुरुवातीला."

तिच्याकडे मागच्या महिन्यात रटगर्सची एक विद्यार्थिनी आली होती. कुठल्या तरी देशातल्या निर्वासितांवर डॉक्युमेंटरी करते आहे, एडिटर हवाय. यामिनीने सांगितलं की ती फक्त लग्नं करते. मुलगी खाली उतरून गेल्यावर मी विचारलं, बेसिमचा काही पत्ता?

"मिशिगनचा नंबर मिळाला होता," ती म्हणाली. "बायकोने उचलला. म्हणाली, तो कामात आहे. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, हो, माहीत आहे, तो कामात आहे."

मग तिने हेडफोन घातले आणि एका तेलुगू लग्नाची टाइमलाइन उघडली. तिची ती सिनेमाची प्रत अजून कॉम्प्युटरवर आहे की तिने पुसली, हे मी विचारलेलं नाही.